सांबराची पुडी

किस्से लेंड्यांसारखे असतात. एक दिसली की थांबायचं. आजूबाजूला ढीग असतोच. जंगलात रोजीनं काम करताना माझ्याकडे असे बरेच ढीग साचले.

काम सोपं. अकोटच्या वरच्या जंगलात हिवाळाभर सांबर, चितळ, रोही यांच्या ताज्या लेंड्या वेचायच्या, वाळवायच्या, पुडीवर नाव लिहून अभ्यास करणाऱ्या मॅडमकडे द्यायच्या. लॅबमध्ये तपासलं की कळतं, थंडीत जनावराला खाणं पुरतं की नाही. जंगलखात्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता, "एक पुडी जरी चुकीची निघाली, तर तुमचं काम बंद!"

मी चौथी शिकलो. पण लेंडी ओळखण्यात माझा हात कोणी धरलेला नाही.

*

मॅडम म्हणाल्या, "काका, चष्मा लावत जा."

"लेंडी पाहाले चष्मा कायले लागते?"

विषय संपला.

*

नीलगायीला आम्ही रोही म्हणतो. लॅबमधल्या नव्या माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं. पुडीवर मी लिहिलं होतं, 'रोही, अशक्त.' त्याचा फोन आला.

"रोहीचं वय काय?"

"तीनक वर्षं असन."

"खाते काय?"

"हरभरा. लोकाइच्या वावरातला. कुंपणावरून उडी मारते."

"अहो, तिचे वडील लक्ष देत नाहीत का?"

"बाप येगळा रायते!"

*

एकदा डबाभर पुड्या घेऊन एसटीनं अमरावतीच्या लॅबकडे निघालो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"काकाजी, डब्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"सांबर."

"ताजा हाय काय?"

"आज सकायीच बांधला."

"द्या ना मंग थोडा. बायकोनं आणाले सांगतला हाय."

मी एक पुडी उघडून त्याच्या हातावर ओतली.

दर्यापूरच्या अलीकडे मला उतरवलं!

*

संक्रांतीच्या आधी आमच्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, सालीच्या मुगाच्या वड्या घातल्या. गच्चीवर एका खाटेवर तिच्या वड्या, दुसरीवर माझं सांबर. अचानक आभाळ आलं. दोघांनी घाईघाईनं गोळा केलं. मी पुडी बांधली. तिनं डबा भरला आणि अकोल्याच्या जावयाकडे पाठवला.

पंधरा दिवसांनी साहेब आणि मॅडम दारात उभे. साहेबांच्या हातात रिपोर्ट.

"काका, या एका सांबराला प्रोटीन भरपूर मिळालंय."

मी मान ताठ केली.

"लसूण पण मिळालाय. जिरं. लाल मिरची. हे कोणत्या जंगलातलं सांबर?"

मॅडमनी तोंडाला ओढणी लावली होती.

"उद्यापासून काम बंद," साहेब म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. जावई होता. आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू आला.

"मामाजी, वड्यायची भाजी लय झकास झाली! असा सवाद कधी घेतला नोयता. अजून असतीन तं पाठवजा!"

"आता नाई भेटत," मी म्हणालो. "काम बंद झालं."