शार्कला घातलेली हाक

आमच्या घराण्यात एकच हाक चालत आली आहे. तिनं मेंढरं गोळा होतात अन् लांडगा पळतो. दिवाळीत कळमनुरीजवळच्या गावी गेलो, बापाच्या कळपाला ती हाक मारली, तर एकाही मेंढरानं मान वर केली नाही. बाप तंबाखू थुंकून म्हणाला, "हापिसात बसून हाक मेली तुझी. तू आमच्यातला न्हाई राहिला आता."

लई लागलं मला. नोकरी लागली तवा पेढे ह्यानंच वाटले होते की!

त्याच रागात हापिसातल्या दोस्तांबरोबर अंदमानला गेलो, शार्क बघायला. म्हटलं, दाखवतोच म्हाताऱ्याला, अजून दम हाय माझ्यात. पोहायला मी गावच्या विहिरीत शिकलेलो, पाठीला रिकामा डबा बांधून. इथंही पाठीला डबाच, पण हवेनं भरलेला, अन् हा मेला वर धरायचं सोडून खाली नेतो. किनारा कुठल्या कुठं राहिला, तिथं समुद्राच्या पोटात एक डोंगर आहे. आपल्याकडं डोंगरावर देऊळ असतं, तिथं शार्क. पाण्याखाली उतरायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, काहीही झालं तरी तोंडातली हवेची नळी सोडायची नाही.

दोन शार्क लांबूनच फिरत होते. तिसरा सरळ माझ्याकडं. झालं! बाईंचं सगळं शिकवणं गेलं चुलीत. हात वर केले अन् बोंबललो, "हैऽऽ हाऽऽ!"

बोंबलायला तोंड उघडावं लागतं. नळी सुटली, नाकातोंडात खारं पाणी, आता बापाला कोण सांगणार एवढंच डोक्यात. बाईंनी झडप घालून नळी परत तोंडात कोंबली. शार्क निवांत वळून गेला. घाबरला की कंटाळला, देव जाणे.

गावी येऊन बापाला सगळं सांगितलं. वाटलं, पोट धरून हसेल.

"भेलास काय?" त्यानं विचारलं.

"लई."

"बराबर हाय. लांडगा दिसला की माझीबी टरकायची. तवाच निघते ती हाक. हापिसात तुला कशाचं भेव?" त्यानं कळपाकडं काठी केली. "मार आता."

पाण्यातली ती घडी आठवली अन् घसा फाटेस्तोवर मारली. अख्खा कळप वळला.

बापानं काठी माझ्या हातात दिली. "मी बसतो जरा," म्हणाला.