हात लावला की चाल

बुद्धिबळाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडतो, तसाच किश्श्यांचा पण पडतो. संध्याकाळी चपला ज्याच्या त्याच्या पायात जातात. किस्से मात्र माझ्याच पदरात राहतात!

माझी नात शरू नांदेडला नववीत हाय. तिच्यासंग डबा घेऊन स्पर्धेला जायचं काम माझं. मी शाळेचं तोंड बघितलं न्हाई, पण हॉलच्या दारातल्या बाकड्यावर बसून बसून सगळे कायदे पाठ झाले. आत बोलायची बंदी. माझ्यासारखीला ही सजाच की!

यंदा तर जिवाला घोर होता. शरूचा बाप, माझा लेक बालाजी, मास्तर हाय. त्यानं सांगून टाकलं, "लातूरला पहिल्या दोघांत आलीस तर राज्याच्या स्पर्धेला जाशील. न्हाई आलीस तर पट कपाटात. पुढं दहावी हाय."

शरू म्हणली, "शब्द?"

"हाव, शब्द!"

*

पहिला कायदा लई कडक. ज्या सोंगटीला हात लावला तीच खेळायची. घरी आपण कसं, "थांब थांब, वापस!" म्हणतो. तिथं वापस न्हाई.

नांदेडच्या स्पर्धेत शरूसमोर उदगीरचे एक काका बसले. पांढऱ्या मिशा, गळ्यात उपरणं. काकांनी वजीर उचलला अन् हातातच धरून बसले. कुठं बी ठेवला तरी मरून राहिला होता! घड्याळ पळतंय, काकांच्या कपाळाला घाम. शेवटी हळूच जागेवर ठेवला.

"दुसरं खेळतो बेटा."

शरूनं हात वर केला. पंच सर आले.

"काका, वजिराला हात लावला का?"

काका एकदम छाती पुढं काढून म्हणले, "अजिबात न्हाई! नुसता उचलला!"

*

ह्याच काकांचं एक प्यादं दुसऱ्या डावात पार पलीकडच्या टोकाला पोचलं. तिथं पोचलं की त्याचा वजीर करता येतो. काकांचा मेलेला वजीर कुठं सापडंना, अन् पंचाला दुसरा मागायचा धीर कुणाला? मेलेला हत्ती घेतला, उलटा करून ठेवला अन् घड्याळ दाबलं! आपल्याकडं घरोघरी उलटा हत्ती वजीर म्हणून चालतोच.

समोरच्यानं पंचाला बोलावलं. पंच म्हणले, "हा हत्तीच."

"अहो, उलटा हाय न सर! जिंकत आलेला डाव हाय माझा!"

"काका, तुम्ही डोक्यावर उभं राहिलात तर कलेक्टर होता का?"

*

आता ॲडजस्टचं ऐका. सोंगटी घरात वाकडी बसली असंल अन् नुसती नीट करायची असंल, तर हात लावायच्या आधी 'ॲडजस्ट' म्हणायचं. मग ती खेळायची सक्ती न्हाई.

मला काय म्हाईत! मी आयुष्यभर हा शब्द एसटीत ऐकलेला. एकदा हॉलमध्ये सगळं चिडीचूप. दारालगतच्या टेबलावरचं पोरगं म्हणलं, "ॲडजस्ट."

मी बाकड्यावर सरकून जागा केली! पदर सावरला, डबा मांडीवर घेतला.

पंच सर तोंडावर हात धरून माझ्याजवळ आले. "आज्जी, तुम्हाला न्हाई. त्यो घोड्याला म्हणला!"

*

एका डावात शरूचा राजा अडचणीत आला. किल्लेकोट करायचा होता. म्हणजे राजानं कोपऱ्याकडं सरकायचं अन् हत्तीनं त्याच्या पलीकडं पहाऱ्याला यायचं. शरूनं घाईत दोन्ही हातांनी दोन्ही सोंगट्या एकदम हलवल्या.

पंच आले. "एकाच हातानं. आधी राजा, मग हत्ती." समोरच्याला जास्तीचा वेळ मिळाला अन् त्या वेळातच त्यानं डाव फिरवला. शरू हरली. बाहेर येऊन माझ्या पदरात तोंड घालून रडली.

बालाजी चिडला. "दोन हात कशाला लावलेस गं?"

"आज्जीनंच शिकवलं. मोठ्या माणसाला एका हातानं द्यायचं न्हाई म्हणून. ते तर राजे होते!"

*

मग आलं लातूर. शेवटचा डाव जिंकला तरच शरू दुसरी येणार होती. दारालगतच्याच टेबलावर तिच्यासमोर लातूरचंच एक पोरगं, चष्मेवालं, हुशार. बालाजी माझ्याशेजारी बाकड्यावर.

डाव रंगला. पोरानं घोड्यावर बोट टेकवलं. अन् तसंच राहिलं. घोडा हलला की त्याचा वजीर उघडा पडत होता, हे मला बी दिसलं! त्यानं बोट चटका बसल्यासारखं मागं घेतलं अन् बारीक आवाजात म्हणलं, "ॲडजस्ट."

मी पदर दातात धरला. बोलले तर मला हाकलतील, अन् नातीचं नुकसान होईल ते वेगळंच. बालाजीनं माझं मनगट असं आवळलं, की बांगडी फुटते का काय!

शरूनं हात वर केला. पंच आले.

"सर, मी ॲडजस्ट म्हणलो," पोरगं म्हणलं.

"आधी म्हणलास का नंतर?"

आम्हा दोघांशिवाय बघणारं कुणीच नव्हतं, अन् आम्हाला बोलायची बंदी. म्हणलं असतं 'आधी', तर सुटलं असतं. पोरानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. कान लाललाल.

"नंतर."

अन् घोडा उचलून स्वतःच्या हातानं खेळला. थोड्या वेळात डाव संपला. शरू दुसरी आली.

*

परतीच्या एसटीत बालाजी खुश. "पोरगं खरं बोललं! आईबापाचं वळण हाय." चाकूरपर्यंत तेच. चाकूर मागं पडलं अन् त्याचा आवाज बदलला.

"शरू, राज्याचं ह्या वेळी राहू दे. ऐन दहावीत येती ती स्पर्धा. जरा ॲडजस्ट कर, बाळा."

शरू खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवताच म्हणली,

"आधी म्हणलात का नंतर?"

बालाजीनं खिशातलं तिकीट काढून परत घडी घातली. पुढच्या सीटवरचं माणूस मागं वळून बघायला लागलं.

अहमदपूरला एक बाई चढली. कडेवर लेकरू, हातात पिशवी. आमच्या सीटपाशी येऊन म्हणली, "दादा, जरा ॲडजस्ट करता का?"

बालाजीनं लेकीकडं बघितलं.

शरू म्हणली, "मावशीनं आधी म्हणलंय, बाबा."

बालाजी उठला. बाईला जागा दिली, वरची दांडी धरली अन् उभा राहिला. लोहा आलं, लोहा गेलं. नांदेडचे दिवे दिसायला लागले, तवा वाकून लेकीच्या कानाशी म्हणला,

"अन् राज्याला किल्लेकोट एकाच हातानं कर."