पाठक सरांना इंग्रजी येत होतं

फोन संपतचा होता, माझ्या दहावीच्या वर्गातल्या. "कॅनगोज मास्तर वारले रं. भिंगारला, आज सकाळी." मी तेव्हा जामखेडच्या कार्यालयात आलेलं टपाल नोंदवत होतो. संपतच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्या गावात पाठक सरांना गेली वीस वर्षं याच नावानं ओळखतात. पण हे नाव त्यांना कुणामुळे पडलं, ते संपतला ठाऊक आहे आणि मलाही. मग तो हळूच म्हणाला, "आता तरी सांगायचं का कुणाला?" मी फोन ठेवला.

आमचं गाव तिसगावपासून आत. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर ऊसतोडीला जायचं. माझे आई-वडीलही जायचे. घरात दहावीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. सर इंग्रजी शिकवायचे आणि त्या विषयाची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. ती घालवायला ते आमच्याच भाषेत समजावत. "कॅन, मे, मस्ट, शुड ही देवळं आहेत. यांच्या मागून येणाऱ्या क्रियापदानं चप्पल दारात काढायची. एस, ईडी, आयएनजी, पायात जे असेल ते बाहेर. आत अनवाणी." कुणी वहीत 'ही कॅन गोज' लिहिलं की सर वही उंच धरत, "हा कोण रे चपला घालून गाभाऱ्यात शिरला?" वर्ग हसायचा. ज्याची वही, तो पुन्हा तशी चूक करायचा नाही. मीही पुन्हा केली नव्हती... एकदा सोडून.

ती एकदा म्हणजे बोर्डाच्या परीक्षेत. इंग्रजीच्या पेपरात मित्राला पत्र लिहायचं होतं. अर्धा वेळ गेल्यावर खिडकीतून चिठ्ठी आली. संपतच्या थोरल्या भावानं अख्खं पत्र लिहून पाठवलं होतं. ती बाकांखालून फिरली आणि सोळा जणांनी जशीच्या तशी उतरवली. त्यात 'माय ब्रदर कॅन गोज विथ यू' असं वाक्य होतं आणि तसलीच आणखी तीन-चार. लिहिताना माझा हात अडला होता, हे मला आजही आठवतं. पण वाटलं, संपतचा भाऊ नगरला कॉलेजात आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार. सरांनी वर्षभर शिकवलेलं मी दोन मिनिटांत बाजूला ठेवलं.

निकालाच्या दिवशी आमचे सोळा निकाल राखून ठेवले होते. चौकशीला पुण्याला बोलावलं होतं. कॉपी सिद्ध झाली तर ही परीक्षा रद्द आणि पुढचीही देता येणार नाही, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "जाऊन ये. न्हाई जमलं तर यंदापासनं तुजा बी कोयता." आमच्याबरोबर पाठक सर आले.

चौकशीच्या खोलीत टेबलावर आमच्या उत्तरपत्रिका ओळीनं मांडल्या होत्या. बोर्डाच्या साहेबांनी एकेका पत्रावर बोट ठेवलं. "सोळा मुलं, एकच पत्र, चुकासुद्धा त्याच. मास्तर, हे आपोआप होतं?"

"आपोआप नाही," सर म्हणाले. "मी पाठ करून घेतलं."

"हे असं? कॅनच्या पुढे गोज?"

"असंच."

"किती वर्षं शिकवताय?"

"सतरा."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग हे वाक्य लिहा. वर्गात शिकवलंत तसं, तुमच्या हातानं. खाली सही करा." सरांनी पेन उघडलं. 'माय ब्रदर कॅन' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. संपतनं माझी बाही घट्ट धरली. आता त्यांनी सवयीनं बरोबर लिहिलं की आम्ही सगळे संपलो, एवढंच मला कळत होतं. पेन पुष्कळ वेळ थांबल्यासारखं वाटलं... मग त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात 'गोज विथ यू' लिहिलं, पूर्णविराम दिला आणि सही केली. साहेबांनी कागद शेजारच्या बाईंना दाखवला. "बघा मॅडम, हे आपले इंग्रजीचे शिक्षक." बाई हसल्या. सर समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

परत येताना नगरच्या स्टँडवर मी म्हणालो, "सर, ती चिठ्ठी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुला पत्र लिहिता येत असतं, तर खिडकीकडे पाहिलं असतंस का? म्हणजे शिकवण्यात मी कमी पडलोच, मग तिथं फार खोटं बोललो असं मला वाटत नाही. उद्यापासून सकाळी सातला माझ्या ओसरीवर. सोळाही जणांनी." आम्ही सुट्टीभर गेलो. निकाल लागले, बहुतेक पास झालो. मी पुढे पदवीधर झालो, नोकरीला लागलो, कोयता हातात घ्यावा लागला नाही. तो सहीचा कागद मात्र बोर्डाकडून शाळेत आला, गावभर झाला आणि सरांकडून दहावीचं इंग्रजी काढून घेतलं. निवृत्तीपर्यंत ते पाचवीला हस्ताक्षर आणि कार्यानुभव शिकवत राहिले. पारावर बसलेलं कुणीतरी ओरडायचं, "काय मास्तर, यू कॅन गोज का घरी?" सर म्हणायचे, "निघालो, निघालो." आम्ही ते ऐकायचो आणि चालू लागायचो.

शाळेत शोकसभा झाली. आताचे मुख्याध्यापक म्हणाले, "सरांचं इंग्रजी थोडं कच्चं असेल, पण आपली चूक कबूल करण्याचा मोठेपणा त्यांच्याकडे होता." लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायला हवं होतं... उठलो नाही. माझी नोकरी त्याच निकालावर उभी आहे, हाच विचार पहिला आला.

त्यानंतर गेल्या रविवारी भिंगारला सरांच्या घरी गेलो आणि त्यांच्या पत्नीला, काकूंना, सगळं सांगितलं. त्यांनाही सरांनी कधी काही सांगितलं नव्हतं. खिडकीपाशी इंग्रजी वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तिकडे बघत त्या म्हणाल्या, "निवृत्तीनंतर रोज पेन्सिल घेऊन बसायचे. छापलेल्यातल्या चुका शोधून खुणा करायचे. मला वाटायचं, तेव्हा आलं नाही म्हणून आता शिकताहेत. मी थट्टाही करायचे."

"काकू, त्यांना आधीपासूनच येत होतं."

"मग तू इतकी वर्षं कुठं होतास?"

मी म्हणालो, "लिहितो. माझं नाव घालून हे सगळं लिहितो. नोकरीचं जे व्हायचं ते होईल." बाहेर रद्दीवाल्यानं हाक दिली. "आज नाही," काकूंनी आतूनच सांगितलं. मग त्यांनी चष्मा लावला, सगळ्यात वरचं वर्तमानपत्र मांडीवर घेतलं आणि त्यातली पेन्सिलीची पहिली खूण शोधू लागल्या.