वडस

मौद्याच्या पुढे कन्हान नदी जिथे ऐसपैस पसरते, तिथल्या काठच्या मासेमार ढीवरांमध्ये रुपराव नान्ह्यांच्या नजरेला मोठा मान होता. पाण्याकडे नुसतं पाहून ते सांगायचे, इथे जाळं टाकू नका, खाली झुडूप अडकलंय. आणि खाली झुडूप असायचंच. या नजरेचा त्यांना एवढा गर्व, की तिची काळजीही घ्यावी लागते हे कधी त्यांच्या डोक्यात आलं नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा चढवला, की उन्हाचं आपल्यापुढे काही चालत नाही अशी त्यांची समजूत. आता दुपट्टा डोकं झाकतो, कान झाकतो. पण पाण्यावरून उलटं येणारं ऊन खालून सरळ डोळ्यात घुसतं, त्याला दुपट्टा काय करणार?

त्यांच्या डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक गुलाबीसर पडदा वाढायला लागला. डोळा चुरचुरायचा, संध्याकाळी लालभडक व्हायचा. रुपरावांनी स्वतःच निदान करून टाकलं, मोतीबिंदू. गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना दुसरं होतं तरी काय? आणि मोतीबिंदू पिकावा लागतो, कच्चा काढत नाहीत, हे त्यांनी वडिलांच्या वेळी ऐकलेलं. झालं, आंब्याची आढी लावून बसावं तसे ते निवांत बसले. बायको रुखमाबाई टोकायची, शेजारी टोकायचे. सगळ्यांना एकच उत्तर, "पिकू दे ना." पडदा बुबुळावर चढला तेव्हासुद्धा ते समाधानाने म्हणाले, की आता काम जवळ आलं.

मुलगी भूमिका नागपूरला नंदनवनात राहते. दिवाळीला ती माहेरी आली, तेव्हा रुपराव ओसरीवर फाटकं जाळं सांधत बसले होते. सुई फासातून जायची ती दोनदा बोटात गेली. त्यांनी बोट चटकन तोंडात घातलं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू केल्या, पण पोरगी त्यांचीच होती, नजर तिचीही तेज. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि नागपुरातल्या सदर भागातल्या डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन उभं केलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि हे कधीपासून आहे ते विचारलं. रुपरावांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, की बरीच वर्षं झाली, आता चांगला पिकला असेल. बाई हसल्या नाहीत.

"काका, हा मोतीबिंदू नाही. याला वडस म्हणतात," त्या म्हणाल्या. "हे मांस आहे. ते पिकत नाही, नुसतं पुढे सरकतं."

ऊन, वारा, धूळ आणि पाण्यावरची चकाकी यांवर ते पोसतं, असंही त्यांनी समजावलं. कापून काढता येईल, पण बुबुळावर जिथवर चढलंय तिथे डाग राहील, नजर थोडी धूसर राहील. आधी आला असतात तर एवढंही राहिलं नसतं. आणि पुन्हा उघड्या डोळ्यांनी उन्हात गेलात तर ते पुन्हा वाढेल, मग नदी सोडावी लागेल. यातलं शेवटचं वाक्य तेवढं रुपरावांना ऐकू आलं. नदी सोडून माणूस करतो काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ते मुकाट ऑपरेशनला तयार झाले.

ऑपरेशननंतर महिनाभर घरी बसून झालं, तेव्हा भूमिका सामान घेऊन आली. बाजूंनीही बंद असलेला काळा चष्मा, रुंद काठाची टोपी, आणि मान, कान, हातांचे पंजे यांना लावायला सनस्क्रीनची ट्यूब. ट्यूब हुंगून रुपराव म्हणाले, की या वासानेच मासोळ्या पळतील. रुखमाबाई म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या बिडीचा वास सहन केला बिचाऱ्यांनी, हाही करतील. टोपीला त्यांनी साफ नकार दिला, दुपट्ट्यावर टोपी म्हणजे सोंग. चष्मा मात्र घातला, नदी जायची भीती होती ना.

पण पहिल्याच सकाळी घाटावर मासोळी विकायला बसल्यावर घोटाळा झाला. आपल्याकडे काळा चष्मा दिसला की माणसाचे डोळे आले असं समजून लोक चार हात लांब सरकतात. नेहमीच्या गिऱ्हाईक पार्वतीबाई, त्यांनी लांबूनच विचारपूस केली आणि मासोळी शेजारच्या टोपलीतून घेतली. रुपरावांनी रागारागाने चष्मा खिशात कोंबला. शेवटी रुखमाबाईनेच तोड काढली. घाटावर मी एकटी बसते, तुम्ही येऊच नका. पाण्यात मात्र चष्मा काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं डोंग्यात बसले. लग्न झाल्यापासून बसायची रीत ठरलेली. रुपराव उन्हाकडे पाठ करून, कारण ऊन समोर असलं की पाणी नुसतं झगमगतं, जाळं दिसत नाही. रुखमाबाई त्यांच्यासमोर, हातात बांबू, डोंगा जागेवर धरायला. म्हणजे ऊन कायम तिच्या तोंडावर. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

डोळे बारीक न करता पाण्यावर बसायची रुपरावांची ही पहिलीच वेळ. चष्म्यातून सगळं शांत दिसत होतं. त्यांनी जाळ्यावरून मान वर केली आणि समोर पाहिलं.

रुखमाबाईचे डोळे मिटलेले होते. नुसत्या हाताच्या अंदाजाने ती बांबू रोवत होती. गालांवर काळे चट्टे, ओठ भेगाळलेले. डोंगा हलला तशी तिने क्षणभर डोळे उघडले. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांतून तोच गुलाबी पडदा बुबुळाकडे निघाला होता.

"कवापासून हाये वं हे?"

"तुमच्या अगुदरपासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"दोघंबी दवाखान्यात बसलो असतो तं घाटावर कोन बसलं असतं?" ती म्हणाली. "आन् तुम्ही म्हनले थांबू, तं मी थांबली."

रुपरावांच्या हातातून जाळ्याची दोरी सुटली. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. ते जपून उठले आणि तिला आपल्या जागेवर यायला सांगितलं. डोंगा डगमगला, रुखमाबाई कुरकुरली, जाळं अजून काढायचंय म्हणाली. राहू दे पाण्यात, ते म्हणाले. तिच्या हातातला बांबू घेऊन ते उन्हाकडे तोंड करून बसले.

रुखमाबाईच्या पाठीवर ऊन आलं. तिने सवयीने मिटलेले डोळे हळूहळू उघडले आणि पाण्याकडे पाहत राहिली.

"इतून पानी हिरवं दिसते का जी?" तिने विचारलं.

"हो," रुपराव म्हणाले, आणि सदरला डॉक्टरीणबाईंकडे जायला पहिली बस सापडावी म्हणून त्यांनी डोंगा काठाकडे वळवला.