पुष्पलताचं नाक

आमच्या इमारतीत शिंगाळ्या आला तेव्हा त्याला काय म्हणायचं यावरूनच पहिलं भांडण झालं. तळमजल्यावरच्या ललितभाईंनी त्याला साळींदर ठरवून टाकलं आणि वनखात्याची जीप येऊन सगळ्या बिल्डिंगला उचलून नेईल, असं जिन्यात उभं राहून जाहीर केलं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून निवाड्यासाठी सगळे माझ्याकडे बघायला लागले. साळींदर नव्हे, एवढं मला ठाऊक होतं. मग काय, म्हटल्यावर मात्र मराठीच्या बाईंची दातखीळ बसली. "हेजहॉग," म्हटलं शेवटी. ललितभाई म्हणाले, "म्हणजे इंग्लिश साळींदरच की."

आणला होता दिशाने. दिशा ही माझ्या समोरच्या दारातल्या पुष्पलताची मुलगी. पालघरच्या मैत्रिणीकडून तिने हा मुठीएवढा काटेरी गोळा आणला, त्याचं नाव मोमो ठेवलं, सहा महिने लाड केले आणि नर्सिंगच्या शिक्षणाला नाशिकला निघून गेली. हॉस्टेलवर माणसांनाच जागा अपुरी, तिथे याला कोण घेणार? तो आईच्या गळ्यात पडला. पुष्पलता तारापूरकडची, किनाऱ्यावरची, मासळी सुकवणाऱ्या घरातली. शिंगाळा नावाच्या माशाचा काटा लागून लहानपणी तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता. हा प्राणी पहिल्यांदा हातात घेताना टोचला, तेव्हा तिने मोमो पुसून टाकलं आणि त्याला शिंगाळ्या करून टाकलं.

तशी ती आधीच घाबरलेली बाई. कोरोनाच्या तापात तिचं नाक गेलं. ताप उतरला, चव हळूहळू आली, वास काही परत आला नाही. ज्या बाईला कोळंबी हातात न घेता शिळी की ताजी कळायची, ती आता जळालेला भात डोळ्यांनी बघून ओळखू लागली. सगळ्यात मोठी भीती गॅसची. दिवसातून चार वेळा माझी बेल वाजायची. "ताई, जरा येता का? गॅसचा वास येतोय का बघा." मी हातातलं टाकून जायचे, शेगडीपाशी नाक नेऊन हुंगायचे आणि म्हणायचे, "नाही येत." कधी कधी वैतागून म्हणायचे, "अगं, मला पगार सुरू कर हुंगण्याचा." ती हसायची आणि तरी सिलिंडरचं बटण बंद करायची.

त्यात दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा नामदेव जिथे कामाला आहे त्या केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला. माझ्या खिडकीची काच तडकली. नामदेव तेवढ्यापुरता स्टोअरमध्ये गॅस्केट आणायला गेला होता, म्हणून वाचला. त्याच्या जागी उभा राहिलेला वाणगावचा कैलास गेला. त्या दिवशी आमच्या बोईसरवर संध्याकाळपर्यंत एक वास बसून होता, सडक्या लसणासारखा, जिभेला चिकटणारा. नामदेवच्या कपड्यांना तो पूर्वीही थोडा यायचा, पण इतका नाही. मी नाक दाबून उभी होते. पुष्पलता गॅलरीत उभी राहून माझा हात धरून विचारत होती, "लय येतोय का, ताई? मला कायच कळत नाय."

कैलासचं बारावं झाल्यावर तिने नामदेवचा हात दिशाच्या डोक्यावर ठेवून घेतला. पुन्हा प्लांटमध्ये पाय ठेवायचा नाही. नामदेवने गोडाऊनला बदली करून घेतली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

शिंगाळ्या या अशा घरात आला. सांभाळायला मुळीच सोपा नाही हो तो. पहिल्याच आठवड्यात तिने मायेने दूध पाजलं आणि त्याचं पोट बिघडलं. दिवसभर झोपायचा, दिवेलागणीला उठून खोक्यातलं चाक पळवायचा आणि पळता पळता त्यातच घाण करून ठेवायचा. मांजराचं कोरडं खाणं, उकडलेल्या अंड्याचा तुकडा, आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात पाय धुणं. ती सगळं करायची, पण भीत भीत. जानेवारीतल्या एका सकाळी तर तो गार पडलेला सापडला. हलेना, उलगडेना. ती त्याला ओंजळीत घेऊन माझ्या दारात उभी, ओठ पांढरे पडलेले. "ताई, मेला का ओ? दिशाला काय सांगू?" दिशाला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, थंडीने गारठलाय, पोटाशी धर. पुष्पलताने त्याला पदरात घेऊन दोन तास पोटाशी धरला. काटे टोचत होते, ती हलली नाही. दोन तासांनी त्याने फूत्कार टाकला तेव्हा ती रडली. मीही रडले, उगाच खोटं कशाला बोला.

फेसाची भानगड त्यानंतरची. माहेरहून सुके बोंबील आले होते. शिंगाळ्याने एक हुंगला, चावला आणि तोंडातून पांढरा फेस काढू लागला. मान पार पाठीवर वळवून तो फेस जिभेने काट्यांना फासायला लागला. पुष्पलताने काय करावं? हवेत विषारी गॅस आहे असं धरून तिने सगळ्या खिडक्या लावल्या, तोंडाला ओला पंचा बांधला आणि शिंगाळ्याला टोपलीत घालून माझ्याकडे पळत आली. "तुमाला काय होत नाय ना? तुमाला वास येतोय का?" मला फक्त बोंबील येत होते. दिशाने फोनवर हसत सांगितलं, "आई, नवा वास आला की तो असंच करतो. काही झालेलं नाहीये त्याला."

हे ऐकून दुसरी बाई विसरून गेली असती. पुष्पलता नाही विसरली. तिला नाक मिळालं होतं. नवीन फिनेल आणलं की शिंगाळ्यासमोर, शेजारून वाटी आली की शिंगाळ्यासमोर. एकदा मी तिच्याकडे बसले असताना त्याने माझा हात हुंगून फेस काढला, तर ही विजयाने म्हणाली, "ताई, तुमी साबण बदलला." बदलला होता. माझी गॅसची ड्यूटी मात्र सुटली नाही. गॅसजवळ त्याला नेऊन गुदमरला म्हणजे? त्यासाठी मी होतेच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी ती आली. एका हातात शिंगाळ्या, तोंडाला फेस आलेला. दुसऱ्या हातात नामदेवच्या डब्याचा नॅपकिन. "हा पसरला आनि त्याला वर ठेवला. असा फेस बोंबलालापन काढला नव्हता. ताई, कसला वास येतोय?"

मी नॅपकिन नाकाशी नेला. सडका लसूण.

इथे मला माझी लाज सांगायला हवी. तो वास मला नवा नव्हताच. डिसेंबरपासून संध्याकाळी नामदेव जिना चढून गेला की तो वास मागे राहायचा. तिला तो म्हणायचा, गोडाऊनमध्ये धूळ असते म्हणून कंपनीतच आंघोळ करून येतो. पण केसांतला, पिशवीतला वास आंघोळीने जातो का? मला कळलं होतं आणि मी गप्प बसले होते. दुसऱ्याच्या संसारात कशाला नाक खुपसा, असं मनाशी म्हणत होते. त्या दिवशीही मी म्हणाले, "साबणाचा असेल गं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग शिंगाळ्याकडे. "तुमी खोटं बोलताय, ताई. याला खोटं बोलता येत नाय."

नामदेव घरातच होता. तिने दार उघडं टाकलं, मला आत ओढलं आणि नॅपकिन त्याच्यासमोर धरला. नामदेवने फार आढेवेढे घेतले नाहीत. "डिसेंबरपासून प्लांटलाच हाय. सगळी नवीन मानसं भरलीत, पुष्पा. रिअ‍ॅक्टर तापायला लागला की त्याचा आवाज बदलतो, तो त्यांना कळत नाय. कैलासला कळायचा, आता मलाच कळतो. मी नाय गेलो आनि परत तसंच झालं तर?"

"आनि तुमी गेलात आनि तसंच झालं तर?" ती म्हणाली. तिच्या हातातला शिंगाळ्या घट्ट गोळा झाला होता आणि काटे तिच्या तळव्यात रुतत होते. तिचं लक्ष नव्हतं. नामदेवने ते पाहिलं आणि मान खाली घातली. पुढच्या एक तारखेपासून गोडाऊन, असं त्याने कबूल केलं.

एक तारखेपासून ती रोज नॅपकिन शिंगाळ्यापुढे धरू लागली. पहिल्या दिवशी फेस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवस नाही. तिने मला तळलेलं पापलेट आणून दिलं, माझ्या खोटेपणाबद्दल एक अक्षर न काढता. त्यामुळे मला ते पापलेट जास्तच लागलं.

नवव्या दिवशी दिशाशी बोलताना तिने फेसाबद्दल सहज विचारलं. दिशा म्हणाली, "आई, एकदा घेतलेला वास त्याला ओळखीचा होतो गं. मग नाही काढत फेस."

पाचव्या मिनिटाला ती माझ्या दारात होती. नॅपकिन पुढे केला. "या वेळेला खरं सांगा."

मी हुंगला. खोटं बोलायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. "येतोय," म्हटलं.

ती भांडायला गेली नाही, मला वाटलं होतं जाईल. नामदेवने आणखी दोन महिने मागून घेतले, नवीन माणसांचे कान तयार होईपर्यंत. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. शिंगाळ्याचं खोकं मात्र तिने गॅलरीच्या दाराशी आणून ठेवलं, जिथून कंपनीची बस दिसते. सव्वासहाला बस येते. साडेपाचपासून ती तिथे असते, आणि खरं सांगायचं तर आता मीही असते.

गेल्या मंगळवारी पावणेसहाला कंपनीच्या दिशेने एक आवाज आला. फार मोठा नाही, धप्पकन. ट्रकचा टायरही असेल. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. नामदेवला फोन लागायचा प्रश्नच नव्हता, प्लांटमध्ये फोन बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवतात. सव्वासहा झाले, बस नाही. साडेसहा, नाही. खालून ललितभाई ओरडले, काही कळलं का? त्यांच्या आवाजात नेहमीचा आव नव्हता. मी शाळेच्या ग्रुपवर विचारलं, कोणालाच काही माहीत नव्हतं. पुष्पलताने शिंगाळ्याला पदरात घेऊन पोटाशी धरला होता, जानेवारीत धरला होता तसाच. मी मनातल्या मनात बाराव्याला पाहिलेला कैलासच्या बायकोचा चेहरा आठवत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. जिन्यात वास आला त्या पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं असतं तर?

सात वाजून गेले. गॅलरीतून काही दिसेना, तेव्हा आम्ही जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो. जिन्यातला दिवा गेलेला. शिंगाळ्या जागा झाला आणि तोंड बाहेर काढून हवा हुंगू लागला. फेस नाही, काही नाही. पुष्पलता त्याच्याकडे डोळे लावून बसली आणि मग पुटपुटली, "याचं नाकपन गेलं माझ्यासारखं."

तेवढ्यात खालून, अंधारातून, हळूच तो आला. सडका लसूण. जिभेला चिकटणारा. नामदेवच्या पावलांचा आवाज अजून ऐकू यायचा होता. मी पुष्पलताचा दंड धरला, तर ती दचकून वळली.

"काय? ताई, काय?"

"येतोय," मी म्हणाले.