आवतण दिलेला बैल

नोकरीत खून, दरोडे, दंगे पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेचसे आता पुसट झाले आहेत. एका बैलाच्या चोरीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांतात होते आणि मी अमरावती शहरातल्या एका ठाण्यात दुय्यम ठाणेदार होतो.

आधी गावाविषयी सांगितले पाहिजे. शहराला लागून आमचे गाव होते. आमचे म्हणजे माझेही, मी तिथलाच. कापसाचा व्यापार वाढला, सरकी काढणाऱ्या जिन आणि गाठी बांधणाऱ्या प्रेस उभ्या राहिल्या, साहेबलोकांचे बंगले आले, आणि शहर सरकत सरकत आमच्या वेशीत शिरले. चावडीच्या जागी सरकीचे गोदाम झाले. आमच्या घरावरून सडक गेली. माणसे शहरातल्या गल्ल्यांत पांगली आणि दप्तरात गावाचा वॉर्ड झाला. अधिकाऱ्याला त्याच्या गावी नेमू नये असा दंडक होता, पण माझे गावच कागदावर उरले नव्हते, त्यामुळे तो मला लागला नाही.

एकच मळा राहिला, माझ्या शाळासोबत्याचा. मोजणीची रेषा त्याच्या बांधापाशी वळली आणि त्याची नाल्याकाठची जमीन, विहीर, गोठा आणि गावची जुनी चिंच बचावली. तो वांगी, मेथी, झेंडू पिकवून शहरात विकत असे. कुठला म्हणून कुणी विचारले तर तो गावाचे नाव सांगे, आणि ते खरे असे. मी तेच नाव सांगितले की लोक विचारीत, हे कुठे आले? अंगावर गणवेश माझ्या होता, तो मळक्या धोतरात असे. तरी चिंचेखाली भाकर खात बसलेला दिसला की माझ्या पोटात जळे आणि मी सायकल जोरात हाणी.

गाव मोडले तरी पोळा मोडला नव्हता. पांगलेली माणसे वर्षातून एकदा जुन्या वेशीच्या जागी जमत. बैल असतील ते बैल घेऊन, नसतील ते नुसतेच. आंब्याच्या पानांचे तोरण बांधत, झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणत, एकमेकांची टर उडवीत. मानाची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटे, बाकीचे बैल मग सुटत. हा मान पाटलांचा. जमीन गेल्यावर पाटलांनी शहरात माडी बांधली होती आणि मागच्या अंगणात एक जोडी केवळ या दिवसासाठी सांभाळली होती. त्या वर्षी पोळ्याच्या बैठकीत एक म्हातारा म्हणाला, "पाटील, तुमच्या बैलाले नांगर दाखोला तं थो त्याले देव समजून पाया पडीन." सगळे हसले. हसण्यातूनच ठरले की गावच्या मातीत अजून ज्याचे बैल राबतात, त्याची जोडी यंदा पुढे जावी. म्हणजे माझ्या सोबत्याची. पाटील उठून गेले.

पोळ्याच्या आदल्या सकाळी पाटील ठाण्यात आले. उजव्या बाजूचा बैल पहाटे चोरीला गेला, दावे कापलेले आहे, अशी फिर्याद त्यांनी दिली. संशय कुणावर, हे विचारताच त्यांनी माझ्या सोबत्याचे नाव घेतले. मी ते लगेच लिहून घेतले. इतक्या सहज मी दुसऱ्या कुणाविषयीची फिर्याद मानली नसती.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, बंद पडलेल्या जिनजवळच्या चहावाल्याकडून खबर आली: आतल्या टिनाच्या छपराखाली बैल हंबरून राहिला आहे. आम्ही पंच घेऊन गेलो. बैल पाटलांचाच होता. पुढ्यात चारा होता, आणि खांद्यावर तूप-हळद चोळलेली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी बैलाची खांद मळतात, तशीच. जिनच्या मागच्या भिंतीला माझ्या सोबत्याचा बांध लागून होता. मला तेवढे पुरे झाले. बैल मुद्देमाल म्हणून ठाण्याशेजारच्या कोंडवाड्यात बांधला आणि सोबत्याला चौकशीला आणून बसवले.

"अबे, हे काय लावलं तू?" तो आत येताच म्हणाला.

"साहेब म्हण," मी म्हणालो.

 तो खाली बसला.

"बैल कावून चोरला?"

"मले कायले पायजे बैल? माहे दोन हायेत."

"मान पाहिजे होता ना?"

"मान तं लोकायनं देल्ला, साहेब. देल्लेली वस्तू कोणी चोरते का?"

जमादार तोंड फिरवून हसला. मी सोबत्याला हात पुढे करायला सांगितले. बोटांना हळद होती.

"ही हळद?"

"आज वऱ्हाडात कोणाच्या हाताले हळद नाई ते सांगा. जमादाराचे बी हात पाहा."

जमादाराने हात मागे घेतले. बाहेर जाऊन पुन्हा आला आणि म्हणाला, "साहेब, मुद्देमालानं शेण टाकलं. पंचनाम्यात घेऊ का?" मी त्याला हाकलले.

सोबत्याने एकच मागणे केले. "संध्याकाळी घंटाभर सोडा. जोडी तोरणाखालून नेतो अन् परत येऊन बसतो. पायजे तं शिपाई संग द्या. लोकं थांबून रायतीन माह्यासाठी." मी त्याला शेजारच्या खोलीत बसवायला सांगितले.

दुपार कलल्यावर कोंडवाड्यापाशी पाटलीणकाकू आल्या. हातात झाकलेले ताट, त्यात पुरणपोळी. शिपाई आत सोडेना म्हणून मी गेलो.

"काकू, हा मुद्देमाल आहे. खाऊ घालता येणार नाही."

"असं कसं म्हणतं, बापू? आवतन देल्लं हाय म्यां त्याले. माह्या पोटात बी सकाळपासून पाणी नाई. तो जेवल्याबिगर मी कशी जेवू?"

खांद मळली की बैलाच्या कानाशी 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' असे म्हणतात, आणि ज्याने आवतण दिले त्याने दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने त्याला जेवू घालायचे, ही आमच्याकडची रीत. ती मीही लहानपणापासून पाहिलेली.

"आवतण कधी दिलं?" मी विचारले.

"काल, दिवेलागणीले."

काल दिवेलागणीला बैल चोरीला जाऊन सारा दिवस उलटला होता. मग काकूंना तो तेव्हा कुठे भेटला? आपण काय बोलून गेलो ते काकूंनाही कळले. पण त्यांनी ताट मागे घेतले नाही.

"पाटलायनं नेऊन बांधला," त्या हळू म्हणाल्या. "मले म्हणे, चुप राय. मी चुप रायली. पण वर्षाचा सण हाय त्याचा. त्याची खांद कोरडी कशी ठेवू, सांग बरं?"

मी फाटक उघडले. बैलाने पोळी खाल्ली. पाटलांना बोलावले; काकूंकडे पाहताच त्यांनी सगळे कबूल केले. मान दुसऱ्याकडे जाताना त्यांना पाहवत नव्हता, एवढेच त्यांचे म्हणणे.

प्रकरण उलगडले होते आणि दिवस अजून बराच वर होता. जुन्या वेशीकडून डफड्याचा आवाज येऊ लागला. जमादार दारात उभा राहिला.

"साहेब, पोळा फुटाच्या आंदी सोडू न त्याले?"

"मोठे साहेब दौऱ्यावर आहेत. त्यांना विचारल्याशिवाय नाही."

कुणाला विचारायची काहीच गरज नव्हती. जमादारालाही ते ठाऊक होते. तो गेला. मी पाटलांचा जबाब सावकाश लिहिला, वाचून दाखवला, पुन्हा वाचला. शेजारच्या खोलीत माझा सोबती डफड्याकडे कान देऊन बसला होता. चिंच त्याची, विहीर त्याची, आता तोरणही त्याचे होणार, हे मला सोसत नव्हते. दिवस मावळला. त्याच्यावाचून घरच्यांनी जोडी काढली नाही. लोकांनी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली, मग कुणीतरी तोरण सोडले. डफडे थांबले तेव्हा मी त्याला जायला सांगितले.

तो दारापर्यंत जाऊन वळला. "तुह्या घरावर सडक आली तवा तुही माय आमच्या गोठ्यात रायली होती. मले वाटे, जे उरलं थे आपल्या दोघायचं हाय."

पाटलांची फिर्याद मी गैरसमजातून झाली असे लिहून मिटवली. ती खोटी होती, असे लिहायला हवे होते. सोबत्याच्या नावापुढे लिहिले: पुराव्याअभावी सोडले. लोकांनी त्याचा सरळ अर्थ घेतला, की चोर सुटला. बाजारात त्याला टोमणे बसू लागले. पुढच्या वर्षी वेशीपाशी पोळा भरलाच नाही. त्याने मळा जिनवाल्याला दिला आणि वरूडकडे संत्र्याच्या बागेत गेला. गावाचे नाव सांगणारा शेवटचा माणूस असा गेला.

पुढे हाताखालच्या लोकांना मी शिकवत आलो, की फिर्यादीत आधी मत्सर शोधा. पाटलांचा मत्सर मला एका ताटावरून ओळखता आला. माझा मला समोर दिसत होता आणि मी त्याला कार्यपद्धती म्हणत राहिलो. ठाण्यात बसणाऱ्याने संशयिताचे हात पाहण्याआधी स्वतःला एकदा विचारावे, हा माणूस दोषी निघावा असे मला का वाटते आहे?

सोबती आता हयात नाही. त्याची मुले वरूडकडे आहेत आणि पोळ्याला कुणी ना कुणी त्यांना अजून टोचून बोलते, असे ऐकतो. त्यांच्यासाठी लिहितो. तुमच्या बापाने बैल चोरला नव्हता. लोकांनी त्याला मान दिला होता, आणि त्याची जोडी तोरणाखालून गेली नाही ती मी जाऊ दिली नाही म्हणून.