बैल कोणत्या हाताला?

नागपूरला गेलेला मनुष्य संत्री घेऊन येतो, अशी आमच्या गावाची समजूत आहे. मी तिकडे जाताना बैल घेऊन गेलो. तो कागदावर होता, कागद गुंडाळीत होता आणि गुंडाळी दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासात मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

कारण सांगतो. आमच्या वाई तालुक्यातील शाळेत मी तीस वर्षे चित्रकला शिकवली. शाळेच्या भिंतीवर राष्ट्राचे सिंहचिन्ह मीच रंगवले आणि निवृत्तीनंतर तेच चिन्ह नव्या प्रवेशद्वारावर, खाली माझ्या नावासह, दगडात कोरायचे ठरले. पाथरवट छिन्नी परजून बसला होता. अशा वेळी माझे नागपूरचे व्याही वासुदेवराव यांनी मुख्याध्यापकांना पोस्टकार्ड धाडले. मुलीच्या लग्नात त्यांनी ती भिंत पाहिली होती. मजकूर एका ओळीचा होता: ‘गुरुजींनी सिंहांच्या खालचे बैल आणि घोडा यांची अदलाबदल केली आहे.’

मुख्याध्यापकांनी काम थांबवले. “नाणे पाहा ना, गुरुजी,” असे जो तो सांगू लागला. माझ्या खिशातला रुपया इतका झिजलेला होता की त्यावर दोन्हीकडे शेळ्याच दिसत होत्या. कोणी नवा रुपया आणला, तेव्हा टांकसाळीतले लोकही माणसेच आहेत, असे मी बजावले. मी मूळ पाहिले होते. मूळ पाहिलेल्या माणसाने सुट्या पैशांपुढे मान तुकवू नये.

नागपूरला उतरलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. फलाटावर संत्र्यांच्या करंड्यांची भिंत उभी होती आणि त्या भिंतीआडून मफलर गुंडाळलेले वासुदेवराव प्रकटले.

“या, इवाई (व्याही)! बैल आणला काय जी संगं?”

“आणला,” मी म्हणालो. “आणि डावीकडेच आणला.”

सायकलरिक्षात बसल्यावर त्यांनी तोंड उघडले ते घर येईपर्यंत मिटले नाही. त्यांची सावनेरकडे कपाशीची शेती आहे, त्यामुळे बैलांविषयी आपल्यालाच कळते असा त्यांचा ग्रह. पण त्यांचे अज्ञान बैलापाशी थांबत नव्हते. सिंह तीन, कारण ब्रह्मा, विष्णू, महेश. आणि चक्र म्हणजे विष्णूचे सुदर्शन!

“सिंह चार आहेत,” मी म्हणालो. “चवथा पाठीमागे आहे.”

“पाठीमागं कोनं जाऊन पाह्यलं गा?” त्यांनी थेट रिक्षावाल्यालाच विचारले. त्याने चढ असल्याचे कारण सांगून मत देण्याचे टाळले.

“आणि चक्र म्हणजे चरखा,” मी शेवटचा घाव घातला.

घरी माझ्या मुलीने, सुमनने, वडाभात आणि सांबारवडी (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) केली होती. सोबतचा ठेचा मी बेसावधपणे चाखला आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

“रडू नका, इवाई. अजून निकाल लागाचा हाय.”

“बाबा, मामंजी,” सुमन म्हणाली, “ताटावर सिंह आणू नका. सीताबर्डीवर रामटेके म्हणून शिक्के कोरणारे आहेत. सारनाथला जाऊन मूळ सिंह पाहून आलेत. ते म्हणतील ते दोघांनी मानायचं.”

दोघांनीही मान्य केले, कारण दोघांनाही आपण जिंकणार याची खात्री होती.

रामटेके यांचे दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. पिकलेले केस, डोळ्याला भिंग, फळीवर बुद्धाची तसबीर. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा ते आईवडिलांसह धम्मात आले. आम्हा दोघांच्याही बाजू त्यांनी हातातले काम न थांबवता ऐकल्या.

“दोघं बी थोडे थोडे चुकून राहिले जी,” ते म्हणाले. “सिंह चार. गुरुजी बरोबर.”

मी वासुदेवरावांकडे पाहिले. ते बुद्धाच्या तसबिरीकडे पाहत होते.

“पन चक्र ना सुदर्शन, ना चरखा. सारनाथले बुद्धानं पहिल्यांदा धम्म सांगितला. त्याले धम्मचक्र फिरवनं म्हन्तात. अशोक राजानं तिथंच खांब उभारला. त्याच्या माथ्यावर हे सिंह, चारी दिशेले तोंड करून. धम्माचा आवाज चहूकडं जावा म्हून.”

“पूर्वीच्या निशाणावर चरखा होता!” मी म्हणालो.

“होता ना. तो गेला, चक्र आलं. चोवीस आऱ्यांचा चरखा तुमी कुठं पाह्यला, गुरुजी?”

मी पाहिला नव्हता. पण म्हणून तो नसेलच असे नाही, हे नमूद करून मी गुंडाळी उलगडली. रामटेके यांनी भिंग लावून चित्र बराच वेळ न्याहाळले.

“हात लय सुरेख हाय. कायवरून काढलं?”

या प्रश्नाची मी वर्षानुवर्षे वाट पाहत होतो. “इतर लोक कागदावरच्या पुसट छापावरून काढतात. मी कचेरीत जाऊन लाखेवर उठवायचा पितळी शिक्काच समोर घेतला. छाप नव्हे, मूळ! रेष न् रेष त्याबरहुकूम आहे.”

“अन् त्या शिक्क्यावर अक्षरं कशी होती जी?”

“उलटी. शिक्क्यावर उलटीच असतात. ‘सत्यमेव जयते’ तेवढे मी सरळ करून घेतले.”

रामटेके यांनी भिंग खाली ठेवले.

“मंग बैल काहून नाही केला सरळ?”

जिन्यावरून कोणीतरी चढून गेले. वासुदेवराव हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ते खोकले. खूप वेळ खोकले.

रामटेके यांनी माझा कागद उचलला, पालथा केला आणि उन्हात धरला. आरपार प्रकाशात बैल उजवीकडे गेला, घोडा डावीकडे आला. “पाहा गुरुजी, एक रेष चुकली नाही. आपन इतके दिवस पाठीमागून पाहून राहिलो, बस.”

चूक एकट्या माझ्या पदरी पडू नये म्हणून त्यांनी ‘आपण’ हा शब्द वापरला, हे मला त्या क्षणी कळले. वासुदेवरावांनी तीन चहा सांगितले आणि स्टेशनावर निरोप देताना करंडीभर संत्री दिली. बैलाविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. चवथ्या सिंहाविषयी मीही बोललो नाही.

गावी परतल्यावर मी शिडी लावून आधी भिंतीवरचा बैल उजवीकडे नेला. मुख्याध्यापक खाली उभे राहून संत्रे सोलत होते. त्यांना चूक कशी झाली ते मी स्वतः सांगितले, कारण ते वासुदेवरावांनी सांगितले असते तर पाल्हाळ झाले असते. चक्र म्हणजे चरखा, असे जे पूर्वी वर्गात शिकवले, तेही त्याच शिडीवरून मागे घेतले. मग पाथरवटाला तोच कागद पालथा करून दिला, फक्त अक्षरे नव्याने लिहून.

“गुरुजी, खाली तुमचं नाव घालायचं ना?” त्याने विचारले.

मी पाहिले. नावाची जागा नेमकी ‘सत्यमेव जयते’च्या खाली होती.

“घाल,” मी म्हणालो. “पण दगडाच्या पाठीमागे, चवथ्या सिंहाजवळ.”